आठ दिवसांत आइसलँड: काय पाहावं, काय सोडावं

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये आठ दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, गाडी भाड्याने घेणार आहात. धबधबे, हिमनद्या तर बघायच्याच, पण तिथल्या माणसांचा इतिहासही कळेल अशी ठिकाणं कोणती, आणि बेटाला पूर्ण फेरी मारावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फेरी मारू नका. बेटाला वळसा घालणारा रस्ता १,३२२ किलोमीटरचा आहे. आठ दिवसांत तो होतो, पण मग आई-बाबा निम्मा देश गाडीच्या काचेतूनच बघतील. मी पहिल्या खेपेला फेरी मारली आणि घरी आल्यावर कुठला धबधबा कुठला हेच आठवेना. दुसऱ्या खेपेला फक्त राजधानी रेक्याविक आणि दक्षिण किनारा धरला. तेव्हा कुठे त्या देशाची ओळख झाली.

दुसरं म्हणजे निसर्ग एका दिवशी आणि संस्कृती दुसऱ्या दिवशी, अशी वाटणी करू नका. तिथे ती होतच नाही. विमानतळावरून निघालात की दोन्ही बाजूंना काळा खडक लागतो. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तो अजिबात परका वाटत नाही, कारण तो आपलाच बेसॉल्ट आहे. आपला कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पार निवलेला. तिथला सगळ्यात जुना खडक दीड कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि सगळ्यात नवा अगदी अलीकडचा. विमानतळापासून जवळच असलेलं ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री रिकामं करावं लागलं आणि त्यानंतर त्या भागात पुन्हा पुन्हा लाव्हा बाहेर पडला. तिथली माणसं ज्या जमिनीवर राहतात ती अजून घडतेच आहे. त्यांचा इतिहास कळायला हे आधी लक्षात असलेलं बरं.

सुरुवात थिंगवेट्लिरपासून करा. रेक्याविकपासून तासाभराच्या आत पोचता. उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे) इथे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर वेगाने एकमेकांपासून दूर सरकताहेत आणि मधली जमीन खचत चालली आहे. वरून खाली जाणारी पायवाट दोन काळ्या भिंतींमधून, एखाद्या घळीतून उतरावं तशी जाते. चढउतार सोपा आहे, आई-बाबांना जमेल. याच भेगेच्या कडेला इ. स. ९३० पासून त्यांची संसद, 'आल्थिंग', उघड्यावर भरायची. कायदे लिहिलेले नव्हते. एक निवडलेला माणूस ते तोंडपाठ म्हणायचा, दर वर्षी एक तृतीयांश, म्हणजे तीन वर्षांत सगळे. इ. स. १००० च्या सुमाराला जुने देव ठेवायचे की ख्रिस्ती व्हायचं यावरून देश दुभंगायची वेळ आली, तेव्हा थोर्गेर नावाच्या त्या वेळच्या कायदेपाठकावर निर्णय सोपवला. तो स्वतः जुन्या देवांना मानणारा. एक दिवस आणि एक रात्र तो पांघरुणाखाली पडून राहिला आणि उठून म्हणाला, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं, पण घरात गुपचूप जुन्या देवांना कुणी नैवेद्य दाखवला तर चालेल. कुठेही रक्त सांडलं नाही. १७ जून १९४४ ला प्रजासत्ताकाची घोषणाही इथेच झाली. तुम्ही १७ तारखेला तिथे असाल तर तो त्यांचा राष्ट्रीय दिन, गावोगाव मिरवणुका असतात.

त्याच दिवशी पुढे गेसिर आणि गुलफॉस. गेसिर हा मूळचा उष्ण फवारा आता क्वचितच उडतो, पण शेजारचा स्ट्रोकुर दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो. गंधकाचा वास येईल, वज्रेश्वरीची कुंडं आठवतील. अर्धा तास पुरे.

गुलफॉसला मात्र घाई करू नका. ('फॉस' म्हणजे धबधबा, हा शब्द सतत भेटेल.) नदी दोन टप्प्यांत मिळून ३२ मीटर कोसळते आणि मग अरुंद घळीत दिसेनाशी होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी गुंतवणूकदारांना इथे वीजप्रकल्प हवा होता. शेजारच्या ब्राटहोल्ट या शेतवाडीवरच्या शेतकऱ्याची मुलगी सिग्रिदुर टोमासडोटिर वर्षानुवर्षं त्याच्याविरुद्ध लढली. शंभरावर किलोमीटर चालत रेक्याविकला जायची, आणि प्रकल्प झाला तर धबधब्यात उडी घेईन असं तिने सांगून ठेवलं होतं. तिचं वकीलपत्र घेतलेले स्वेन ब्यर्नसन पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. प्रकल्प झाला नाही. धबधब्याजवळ एका दगडावर तिचा चेहरा कोरलाय. तिथे जरा थांबा. आपल्याकडे नदीसाठी, डोंगरासाठी लढलेली माणसं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ती ओळखीची वाटेल.

दक्षिण किनाऱ्यावर सेल्यालांड्सफॉसच्या पाठीमागून चालता येतं, पण वाट निसरडी असते, तेव्हा आई-बाबांना समोरूनच दाखवा. स्कोगाफॉस अगदी गाडीतळाशीच आहे. शेजारच्या संग्रहालयात गवतासकट कापलेल्या मातीच्या थरांची जुनी घरं आहेत, आत वाकून शिरावं लागतं. लाकडाची टंचाई असलेल्या देशात लोकांनी हजारेक वर्षं थंडी कशी काढली ते तिथे दहा मिनिटांत कळतं.

रेनिसफ्यारा या काळ्या वाळूच्या किनाऱ्याबद्दल कळकळीने सांगतो. पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका. शांत दिसणाऱ्या समुद्रातून अचानक एक लाट फार आत येते आणि माणसाला ओढून नेते. पर्यटकांचे जीव गेले आहेत. तिथे धोक्याचे दिवे लावलेत, ते पाळा.

पुढे एक गाव आहे, किर्क्युबायारक्लाउस्तुर. बहुतेक गाड्या इथे पेट्रोल भरून पुढे जातात. तुम्ही एक रात्र मुक्काम करा. ८ जून १७८३ ला जवळच्या लाकी भागात जमीन फाटली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं-मेंढ्या मेल्या आणि त्या दुष्काळात देशातला जवळपास दर पाचवा माणूस दगावला. २० जुलैला लाव्हा गावाच्या तोंडाशी असताना पाद्री योन स्टेनग्रिमसन यांनी लोकांना चर्चमध्ये बोलावून प्रार्थना केली. बाहेर आले तर लाव्हा पुढे सरकायचा थांबला होता. त्या प्रार्थनेला तिथे आजही 'आगीची प्रार्थना' म्हणतात. गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन्मैल तोच लाव्हा आहे, वर जाड, राखाडी-हिरवं शेवाळ. हात ठेवला तर गादीसारखं दबतं. त्यावर चालू मात्र नका. पावलाचा ठसा भरून यायला दशकं लागतात. गावाशेजारी बेसॉल्टच्या सहाकोनी खांबांचे माथे जमिनीच्या पातळीला उघडे पडलेत, फरशी बसवल्यासारखे. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिला असेल तर तेच खांब इथे वरून बघायला मिळतात.

इथूनच योकुलसारलोनचं हिमसरोवर एका दिवसात करून परत येता येतं. निळे हिमखंड तरंगत समुद्राकडे निघालेले असतात. त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच, प्रत्यक्षात त्याहून शांत आहे.

आणि आता जे मी कुणालाही सोडू देत नाही ते: हेमाए. वेस्टमन बेटांपैकी वस्ती असलेलं हे एकच. लांडेयाहोफ्न बंदरातून बोटीने साधारण चाळीस मिनिटं. गाडीसह जायचं तर आधी आरक्षण करा. २३ जानेवारी १९७३ ला रात्री दोनच्या सुमारास गावाच्या कडेलाच जमीन दीड किलोमीटर फाटली. आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून सगळ्या मासेमारी बोटी बंदरात होत्या, आणि म्हणूनच जवळपास ५,३०० माणसं काही तासांत पलीकडे पोचली. चारशेच्या आसपास घरं गेली. लाव्हा बंदराचं तोंड बंद करू लागला, तेव्हा त्यावर कित्येक महिने समुद्राचं पाणी पंपाने मारून त्याला थिजवलं आणि बंदर वाचवलं. बंदर गेलं असतं तर मासे गेले असते आणि गावात परतायला कारणच उरलं नसतं. एल्डहेमार संग्रहालयात राखेखालून उकरून काढलेलं एक घर तसंच ठेवलंय, आत छत खाली आलेलं. त्या रात्री कुणीतरी उठून निघून गेलं एवढंच दिसतं. माझी आई तिथून बराच वेळ हलली नाही.

नंतर एल्डफेल या त्याच ज्वालामुखीवर चढलो. उंची दोनशे मीटर, पायाखाली लाल-काळी खडी, वारा जोराचा. माथ्याजवळ एका फटीत हात घातला तर आत ऊब होती. आई-बाबा नाही चढले तरी चालेल. त्यांना दक्षिण टोकाला, स्टोरहोफ्दीला न्या. जूनमध्ये तिथल्या उतारांवर पफिन पक्षी बिळांतून ये-जा करताना दिसतात.

रेक्याविकमध्ये दोनच गोष्टी सांगतो. एक, मध्ययुगीन पोथ्या. वासराच्या कातड्यावर लिहिलेल्या या पोथ्या डेन्मार्कमध्ये होत्या. २१ एप्रिल १९७१ ला त्यातल्या पहिल्या दोन बोटीने परत आल्या तेव्हा बंदरावर गर्दी लोटली होती, शाळा बंद होत्या. त्यांचं प्रदर्शन आता एद्दा नावाच्या इमारतीत आहे. दोन, गल्लीतला साधा सार्वजनिक पोहण्याचा तलाव. 'ब्लू लगून' या महागड्या गरम पाण्याच्या ठिकाणाऐवजी तिथे जा. गरम पाण्याच्या कुंडात म्हातारी माणसं बसून गावगप्पा मारतात, पाहुण्यालाही सामावून घेतात. पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचा पोशाख न घालता साबणाने आंघोळ करावी लागते, स्त्री-पुरुषांची सोय वेगळी असते. आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी संकोच होणार नाही.

खाण्याचं म्हणाल तर 'स्कीर' रोज घ्या, आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ आहे. नळाचं थंड पाणी थेट प्या, बाटल्या विकत घेऊ नका. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्या, कारण जूनमध्ये रात्र जवळजवळ होतच नाही. उत्तरेचा प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) त्यामुळे दिसणार नाही, त्यासाठी सप्टेंबर ते मार्चच्या दरम्यान जावं लागतं.

आणि गाडीचं दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरायला आई-बाबांना पहिल्याच दिवशी शिकवा. वाऱ्याने दार उलटं फिरतं, आणि ते नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा येत नाही.