वेळ नाही, की भीड आड येते?

स्टार्टअप चालवणाऱ्यांची पत्रं एका बैठकीत वाचली की एक गोष्ट लक्षात येते. विचारलेलं असतं वेळेबद्दल, पण मधल्या एखाद्या ओळीत कुणाला तरी करायचा राहून गेलेला फोन असतो. या वेळची चार पत्रं.

प्रश्न : पुण्यात आमची नऊ जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. दवाखान्यांसाठी स्वतःचं बिलिंग सॉफ्टवेअर काढायचं म्हणून सुरू केली. पगार निघावेत म्हणून बाहेरची कामं घेतली आणि आता दिवस त्यातच जातो. चौदा-चौदा तास बसूनही प्रॉडक्ट सहा महिने जागचं हललेलं नाही. दिवसाची आखणी कशी करावी?

आखणीने हे सुटणार नाही. त्या चौदा तासांत तुम्ही दोन धंदे चालवताय, तेही त्याच नऊ माणसांवर.

बाहेरची कामं घेतली यात काही चुकलं नाही. तुमच्याच शहरातलं क्विक हील घ्या. कैलाश काटकरांचं दुरुस्तीचं दुकान होतं, कॅल्क्युलेटरपासून सुरू झालेलं. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडायला लागले, म्हणून संगणकशास्त्र शिकत असलेल्या धाकट्या भावाने, संजय यांनी, ते काढणारा प्रोग्राम लिहिला. त्यातून अँटिव्हायरसची कंपनी उभी राहिली आणि 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. दुकानाने घर चालवलं, शिवाय लोकांना नेमकं काय दुखतंय तेही दाखवलं. पण दुकान एकाकडे होतं आणि प्रोग्राम दुसऱ्याकडे, हे विसरू नका.

नऊपैकी दोघांना पूर्ण वेळ प्रॉडक्टवर टाका आणि बाहेरच्या ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून त्यांना काढा. यातलं दुसरं जास्त गरजेचं. ग्रुपमध्ये राहिले तर ‘पाच मिनिटांचं काम आहे’ असा निरोप येणार, आणि कोड लिहिणाऱ्याची पाच मिनिटं म्हणजे अर्धी सकाळ.

उरलेल्या सात जणांना सगळे ग्राहक पेलणार नाहीत, एकाला सोडावं लागेल. कोणाला, हे तुम्हाला माहीत आहे. ज्याचे बदल सगळ्यात जास्त आणि पैसे सगळ्यात उशिरा. त्याचा फोन तुम्ही सहा महिने टाळलाय.

जाता जाता : दर महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस, 11 ला जीएसटीचं विक्री विवरण, 20 ला भरणा. कामं सीएच्या ऑफिसात होतात, पण ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि ऐन मीटिंगमध्ये ‘सर, ओटीपी?’ म्हणून फोन वाजतो. ऑफिसातल्या एखाद्या विश्वासू माणसाकडे वेगळा नंबर द्या आणि जिथे चालतं तिथे तोच नोंदवा.

प्रश्न : कोल्हापूरजवळ आमचं सुट्या भागांचं छोटं युनिट आहे, सेन्सर बसवलेले पंप करतो. माल वेळेवर जातो, पैसे मात्र चार-चार महिने येत नाहीत. माझा निम्मा आठवडा वसुलीत जातो. मोठ्या कंपनीला तगादा लावला तर पुढची ऑर्डर जाईल अशी भीती वाटते.

भीती खोटी नाही. पण कायदा तुमच्या बाजूने किती आहे ते आधी बघा, कारण बरेच उत्पादक ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी फक्त कर्जासाठी करतात आणि प्रमाणपत्र फायलीत ठेवून देतात.

2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात. करारात काहीही लिहिलं तरी ही मुदत 45 दिवसांपुढे जात नाही आणि लेखी करारच नसेल तर ती 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. आकारणी वर्ष 2024-25 (म्हणजे आर्थिक वर्ष 2023-24) पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदत उलटून गेलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला ती खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून मार्च जवळ आला की त्यांचा लेखा विभागच तुमचं उद्यम प्रमाणपत्र मागतो. त्याची वाट बघू नका. पहिल्या बिलासोबतच ते पाठवा आणि बिलावर उद्यम क्रमांक व देय तारीख ठळक छापा. (निव्वळ व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. तुम्ही उत्पादक आहात, तुम्हाला आहे.)

सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण ते शेवटचं हत्यार, कारण त्यानंतर संबंध पहिल्यासारखे राहत नाहीत. त्याआधी खूप काही करता येतं. खरेदी विभागाशी गोड बोलत बसू नका, पैसे तिथून निघत नाहीत. लेखा विभागात बिलं चढवणारा माणूस शोधा, पेमेंटची फेरी कोणत्या वारी असते ते विचारा आणि त्याच्या दोन दिवस आधी फोन करा. देय तारखेच्या आधी केलेला फोन हा तगादा नसतो, चौकशी असते. मालाची पोच आणि तपासणीचा शेरा त्याच आठवड्यात घेऊन ठेवा, निम्मी बिलं तिथेच अडकतात. आणि वसुली आठवड्याच्या एकाच सकाळी, ठरवून. रोज थोडी-थोडी केली तर रोज मन खट्टू होतं.

भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

प्रश्न : पहाटे पाचला उठतो, रोज डायरी लिहितो, कामांच्या नोंदींसाठी तीन अॅप वापरतो. तरी धंद्यात फरक दिसत नाही. काय राहतंय?

ग्राहक. तुमच्या दोन पानी पत्रात तो एकदाही आला नाही. अॅप दोन कमी करा, झोप पुरी घ्या आणि या आठवड्यात ज्यांनी तुमची वस्तू एकदा घेऊन परत घेतली नाही अशा पाच जणांशी बोला.

प्रश्न : कॉलेजच्या मित्रासोबत निम्म्या-निम्म्या भागीवर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. वर्षभर दोघांनी सारखं राबलो. आता त्याचं लग्न झालंय, तो दुपारी येतो, संध्याकाळी जातो. मी चिडून त्याचंही काम करतो. मैत्री तोडायची नाहीये.

त्याचं काम तुम्ही केलंत की त्याला काही कमी पडलंय हेच कळत नाही. त्याच्या दृष्टीने सगळं सुरळीत चाललंय. तेव्हा ते आधी थांबवा. दोन-चार गोष्टी अडतील, अडू द्या. ग्राहकाचं नुकसान होणार असेल तेवढंच सांभाळा.

मग बसा. ऑफिसात नको आणि रात्री जेवणावरही नको. ‘तू कमी काम करतोस’ अशी सुरुवात केली तर पुढचा तास तासांच्या हिशोबात जाईल. विचारायचं ते वेगळं : पुढची दोन वर्षं तुला यातून काय हवंय? कदाचित त्याला ठरलेला पगार आणि ठरलेली वेळ हवी असेल आणि ते म्हणायची त्याला लाज वाटत असेल. तसं निघालं तर वाटणी बदलायला तोच आधी तयार होईल.

शेअरचा प्रश्न मात्र लेखी सोडवा. निम्म्या-निम्म्यात एक जण अडला तर साधा ठरावसुद्धा पास होत नाही, कारण बहुमतच होत नाही. स्टार्टअपमध्ये साधारण रीत अशी असते की संस्थापकांचे शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के होतात आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काही मिळत नाही. तुम्ही सुरुवातीला हे केलं नसेल तरी दोघांच्या संमतीने आताही करता येतं. झालेल्या वर्षाचं श्रेय दोघांना पूर्ण द्या, उरलेल्या तीन वर्षांचं कामाशी बांधा. मसुदा तुमच्या दोघांच्याही ओळखीचा नसलेल्या वकिलाकडून करून घ्या, आणि तो वहिनींनाही वाचायला मिळू दे. घरी न सांगता केलेल्या सह्यांवरून पुढे फार वाद होतात.