सर्व्हर नाव ओळखत नाही, आकडा ओळखतो

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या जुन्या पोथ्या स्कॅन करून आम्ही सर्व्हरवरच्या एनएफएस शेअरमध्ये (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या सामायिक फोल्डरमध्ये) ठेवतो. माझा उबुंटू लिनक्सचा पीसी गेला महिनाभर रडत होता, म्हणून नवा घेतला. लॉगिनचं नाव तेच. तरी माझ्याच फायली नुसत्या उघडतात, सेव्ह होत नाहीत. मालकाच्या जागी नावाऐवजी १००१ दिसतं. सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) चोन, म्हणजे फायलीचा मालक बदलायची कमांड, दिली, तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. सर्व्हरवर सरळ ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, करून टाकू का?
— एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, ७७७ नको. मग त्या पोथ्या शेअरवर येणारा कुणीही पुसू शकेल.

साध्या एनएफएसमध्ये तुमचा पीसी सर्व्हरला नाव सांगतच नाही, यूआयडीचा, म्हणजे खात्याच्या क्रमांकाचा, आकडा सांगतो. उबुंटूवर पहिल्या खात्याला १००० मिळतो, पुढच्याला १००१. जुन्या पीसीवर तुमच्या आधी कुणाचं तरी खातं असणार, म्हणून तुम्ही १००१ होतात. नव्यावर तुम्ही पहिल्याच, म्हणून १०००. दोन्हीकडे ‘आयडी’ ही कमांड देऊन खात्री करून घ्या.

सुडो अडलं ते रूट स्क्वॉशमुळे. बाहेरून आलेल्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, सर्व्हर ‘नोबडी’, म्हणजे बहुधा ६५५३४, समजतो. ते बंद करू नका, हे मी कळवळून सांगतो. एका छापखान्यात घाईघाईत मी ते बंद केलं होतं. एका पीसीवर रूटने दिलेल्या चुकीच्या आरएमने (फायली पुसणाऱ्या कमांडने) दिवाळी अंकाची लावलेली पानं गेली. बॅकअप आठवड्यापूर्वीचा होता. तीन रात्री आम्ही ती पुन्हा लावली.

आता दुरुस्ती. नव्या पीसीवर एक वेगळं अ‍ॅडमिन खातं काढा आणि त्याला यूआयडी स्वतः द्या, १५०० म्हणा. नाहीतर उबुंटू त्यालाच १००१ देऊन बसेल. तुमच्या खात्यातून पूर्ण बाहेर पडा, त्या खात्यातून आत या आणि यूजरमॉडने तुमचा यूआयडी, ग्रुपमॉडने जीआयडी (गटाचा क्रमांक) १००१ करा. होम फोल्डरवर एकदा चोन -आर (आतल्या सगळ्या फायलींसकट चोन) चालवा, कारण ग्रुपमॉड फायलींचा गट बदलत नाही.

मधल्या काळात नव्या पीसीवरून शेअरमध्ये गेलेल्या फायली १००० च्या नावावर असतील. त्या प्रत्यक्ष सर्व्हरवर बसूनच बदला. पण १००० च्या सगळ्याच नकोत. तो आकडा दुसऱ्या सहकाऱ्याचाही असू शकतो, म्हणून तारीख पाहून निवडा.

पोथ्यांवर दोघं-तिघं काम करत असाल तर सर्व्हरवर आणि प्रत्येक पीसीवर एकच गट काढा, जीआयडी सगळीकडे २०००. फोल्डरचा गट तो ठेवून त्याला २७७५ ही परवानगी द्या. त्यातला पहिला २ महत्त्वाचा : आत तयार होणाऱ्या फायलीला तोच गट लागतो. सगळ्यांची यूमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या ठरवणारा आकडा) ००२ ठेवा. आधीच्या फायलींचा गट मात्र हातानेच बदलावा लागेल.