‘फ्री पीएनजी’ वापरला, आता फोटोग्राफरची नोटीस आली आहे

प्रश्न (थोडक्यात): मी डिजिटल कोलाज करते. पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रे देणाऱ्या एका संकेतस्थळावरून खंड्या पक्ष्याचे पीएनजी घेतले. तिथे ‘फ्री डाउनलोड’ लिहिले होते. पक्षी फ्लिप केला, रंग बदलले, भोवती स्वतः काढलेली वेलबुट्टी घातली. या चित्राचे प्रिंट मी ऑनलाइन विकते आणि तेच चित्र एका प्रकाशकाला मुखपृष्ठासाठी दिले आहे. आता एका वन्यजीव छायाचित्रकाराच्या वकिलाची नोटीस आली आहे: विक्री थांबवा, भरपाई द्या, नाहीतर फौजदारी तक्रार करू. मी तीस टक्क्यांहून जास्त बदल केला आहे. तरी हे उल्लंघन ठरते का? सगळ्या फाइल डिलीट करून टाकू का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. काहीही डिलीट करू नका. विक्री मात्र आजच बंद करा, आणि पान उतरवण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घेऊन किती प्रिंट विकले, किती रक्कम आली याचा अहवाल काढून ठेवा. डाउनलोड केलेले मूळ पीएनजी, लेयर असलेली फाइल, ब्राउझरच्या हिस्टरीतली डाउनलोडची नोंद आणि प्रकाशकाचे ईमेल वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारीख बदलते. ज्या पानावर ‘फ्री’ लिहिले होते त्याचा पत्ता आणि वापराच्या अटीही जपा. पान बदलले असेल तर वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळते का पाहा. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधून निघणारी ओळखखूण, फाइल जराही बदलली की तीही बदलते) येते. फाइलला हात लागलेला नसेल तरच ते कामाचे.

विक्री थांबवण्याची घाई का, तेही सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ ‘जाणूनबुजून’ केलेल्या उल्लंघनाला लागते. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) व अजामीनपात्र (जामीन हक्क म्हणून मिळत नाही) आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे नोटिशीतली धमकी अगदीच पोकळ नाही. आजवर तुम्हाला माहीत नव्हते, हे म्हणता येईल. नोटीस हातात पडल्यानंतर विकलेल्या प्रिंटबद्दल तसे म्हणणे फार कठीण जाईल.

आता मूळ मुद्दा. छायाचित्र ही कलम २(सी) खाली ‘कलात्मक कृती’ आहे. नोंदणी केलेली नसली तरी कॉपीराइट असतोच, त्यामुळे ‘प्रमाणपत्र दाखवा’ या उत्तराने काही साधणार नाही. पार्श्वभूमी काढून टाकणाऱ्याने कितीही बारकाईने पक्षी कापला असला तरी फोटोची मालकी त्याच्याकडे गेली नाही. नुसत्या मेहनतीने नवा कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते, हे ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक (२००८) या निकालाने ठरलेले आहे. ज्याच्याकडे हक्कच नव्हता त्याने ‘फ्री’ म्हटले, तर त्याचा अर्थ एवढाच की डाउनलोडचे पैसे पडले नाहीत. अशा बहुतेक संकेतस्थळांवर चित्रे कोणीही चढवतो आणि अटींच्या तळाशी ‘हक्कांची खात्री वापरणाऱ्याने करावी’ असे एक वाक्य असते. ते वाक्य आता तुमच्या वाट्याला आले आहे.

तीस टक्क्यांचा नियम कायद्यात कुठेच नाही. तो कुठून आला कोण जाणे, पण कलाकारांत तो इतका पक्का बसला आहे की त्यावर विसंबून लोक बिनधास्त राहतात. घेतलेला भाग महत्त्वाचा आहे का आणि पाहणाऱ्याला ही मूळ कृतीची नक्कल वाटते का, ही खरी कसोटी, आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (१९७८) पासून ती चालत आली आहे. तुमच्या चित्रात डोळा जातो तो पक्ष्यावरच. तुम्ही पाठवलेली फाइल मोठी करून पाहिली. चोचीतल्या माशाची वळलेली शेपटी, पंखाच्या टोकाशी उडालेले पाण्याचे तीन थेंब, आणि पोटाखालच्या पिसांच्या कडेला राहिलेली मूळ फोटोतली हिरवट झाक. नोटिशीसोबतचा फोटो फ्लिप करून वर ठेवला की सगळे तंतोतंत जुळते. ‘हा दुसराच पक्षी’ हा बचाव विसरा. कलम ५२ मधला खासगी वापराचा अपवादही विक्रीला लागत नाही.

तुमच्या बाजूने काय आहे? कलम ५५ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अपवादात) अजाणतेपणाला थोडी जागा आहे: कॉपीराइट आहे हे माहीत नव्हते आणि तसे मानायला वाजवी कारणही नव्हते, हे सिद्ध केले तर भरपाईऐवजी मनाई हुकूम आणि नफ्याचा काही किंवा सगळा भाग, एवढ्यावर निभावते. पण फोटो कोणीतरी काढलेला असतो हे उघड असल्यामुळे ही वाट अरुंद आहे. मी तिच्यावर दावा लढवणार नाही, तडजोडीत रक्कम खाली आणायला वापरीन.

समोरच्याचा हक्क मात्र तपासाच. कॅमेऱ्यातली रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली) आणि प्रथम प्रसिद्धीची तारीख मागा. फोटो नोकरीत किंवा मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढला असेल, तर कलम १७ प्रमाणे मालक दुसराच असू शकतो. दावा एजन्सीचा असेल तर सही असलेला लेखी हस्तांतरण करार मागा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते.

उत्तर मुदतीत, वकिलामार्फत आणि माथ्यावर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ (म्हणजे ‘आमचे हक्क अबाधित ठेवून’) लिहून द्या. छायाचित्रकाराला स्वतः मेसेज करून माफी मागू नका. तोच मेसेज कबुली म्हणून पुढे येतो. माझे मत तडजोडीचे आहे. मागच्या वापरासाठी लेखी परवाना घ्या. त्यात कोणता फोटो, कोणत्या कामात, किती प्रती, किती काळ, कोणत्या प्रदेशात, श्रेय कसे द्यायचे आणि मागच्या वापराबद्दल आणखी दावा उरलेला नाही, हे सगळे हवे. रकमेला आधार म्हणून तुमचा प्रत्यक्ष नफा आणि त्या फोटोग्राफरचा नेहमीचा परवाना दर पुढे करा. नोटिशीतला आकडा ही घासाघिशीची सुरुवात असते.

प्रकाशकाला हे आजच कळवा. तुमच्या करारात ‘कृती माझी मौलिक आहे’ अशी हमी असणारच, आणि पुस्तक छापून झाल्यावर कळवले तर परत घेतलेल्या प्रतींचा खर्चही तुमच्याकडे मागितला जाईल. परवाना घेताना मुखपृष्ठाचा उल्लेख नावानिशी करा, नाहीतर पक्षी बदलून द्या.

त्याच संकेतस्थळावरून घेतलेली बाकीची चित्रेही उत्तर जाण्याआधी तपासा. पीएनजी पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून, एकदा सरळ आणि एकदा फ्लिप करून गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून मूळ चित्र शोधणाऱ्या सेवांवर शोधा. मूळ फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचा (मालकाने ठरावीक अटींवर सर्वांना दिलेली वापराची परवानगी) निघाला तर अक्षरे नीट वाचा: ‘एनसी’ असेल तर व्यापारी वापर नाही, ‘एनडी’ असेल तर कापून-बदलून प्रसिद्ध करता येत नाही, ‘एसए’ असेल तर तुमचे कोलाजही त्याच अटींवर द्यावे लागते. नुसते ‘बीवाय’ (फक्त श्रेय द्यायची अट) असेल आणि फक्त श्रेय राहून गेले असेल, तर चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली की ४.० आवृत्तीचा परवाना पुन्हा लागू होतो. ज्याचा मालक सापडत नाही ते चित्र विक्रीतून काढा. ‘एवढे एकच काम होते’ असे उत्तरात लिहायचे असेल, तर ते आधी खरे असायला हवे.