बाहुलीचं झंपर हातातून का जात नाही, आणि कार्डाची घडी का तडकते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक नऊ वर्षांची, सुट्टी लागलेली, घरात मशीन नाही. जुन्या काठापदराच्या साडीतून बार्बीच्या मापाच्या बाहुलीला घागरा-झंपर शिवलं, तर घागरा फुगून उभा राहतो आणि झंपर हातातून जातच नाही. जाड कागदाची शुभेच्छापत्रं केली, तर घडीवर रंग तडकून पांढरी रेघ उठते. म्हणून आता ऑनलाइन मिळणारं हस्तकलेचं तयार किट मागवावं का, असं तुम्ही विचारलंय.

किट मागवू नका. त्यात बहुतेक वेळा कापून ठेवलेलं जाड फेल्ट आणि चिकटवायचे तुकडे असतात. कापायचं कुठं, किती सोडायचं, कापड कोणत्या बाजूनं ताणतं, हे सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं. लेकरानं शिकायचं ते नेमकं हेच असतं. तुमच्या घरात आणि गल्लीतल्या टेलरकडे याहून चांगलं सामान पडलेलं आहे.

आधी घागरा. माप बरोबर असेल तुमचं, मला खात्री आहे. अडचण जाडीची आहे. 1959 साली अमेरिकेत बार्बी निघाली, तिची उंची साडेअकरा इंच, म्हणजे साधारण 29 सेंटीमीटर. माणसाच्या अंदाजे एक षष्ठांश. आपण घेर, लांबी, बाही सगळं सहापट लहान करतो, पण कापडाची जाडी तेवढीच राहते. म्हणजे तुमची काठापदराची साडी त्या बाहुलीच्या अंगावर आपल्या वाकळेएवढी, म्हणजे गोधडीएवढी जाड होते. वाकळेला चुण्या घालून घागरा शिवला तर तो फुगणारच. बाहुलीचे कपडे शिवताना मी सगळ्यात आधी हेच बघते: कापड किती पातळ, आणि एका जागी किती थर येतात.

म्हणून टेलरकडे जा आणि झंपरच्या अस्तराच्या चिंध्या मागा. मागताना संकोच करू नका, अस्तराचे तुकडे तो रोज पोत्यात भरतो. अस्तराचं सुती कापड पातळ असतं, सुळसुळ पळत नाही आणि त्यात सगळे रंग मिळतात. टू बाय टूचे, म्हणजे झंपराच्या पातळ सुती कापडाचे, कटपीस मिळाले तर फारच छान. जुनी मलमलची ओढणी, विरलेलं धोतर, बाबांचा मऊ झालेला हातरुमाल, हेही चालेल. साटीन, सिंथेटिक जॉर्जेट पहिल्या महिन्यात नको. त्याच्या कडा सुटत जातात, सुई घसरते आणि लेकरू वैतागून सोडून देतं. आणि लाल, जांभळं, गडद निळं कापड असेल तर ते आधी धुऊन घ्या. गडद रंग बाहुलीच्या प्लास्टिकमध्ये उतरतो आणि तो डाग मग निघत नाही. शंका असेल तर आतून पांढरं अस्तर द्या.

घागऱ्याला चुण्या घालूच नका. अर्धगोल कापा. बाहुलीची कंबर दोऱ्यानं मोजा. समजा 9 सेंटीमीटर भरली, त्यात मागच्या बंदासाठी दीड सेंटीमीटर मिळवा, झाली साडेदहा. तिला 3.14 ने भागा, साधारण 3.3 आली. कंपासपेटीतल्या कर्कटकानं 3.3 सेंटीमीटरचा अर्धगोल काढा, ही तुमची शिवणीची रेघ. कापताना तिच्या 5 मिलिमीटर आत कापा. बाहेरचा अर्धगोल म्हणजे शिवणीच्या रेघेपासून घागऱ्याची लांबी अधिक दुमडपट्टी. कंबरेवर एकही चुणी नाही आणि खाली मात्र चांगला घेर येतो. चौथीतल्या मुलीला भागाकार आणि कर्कटक दोन्ही येतं, ते तिलाच करू द्या.

आता झंपर. साध्या बार्बीचा हात वाकत नाही, बोटं ताठ असतात आणि अंगठा बाहीत अडकतो. तीन गोष्टी करा. झंपर मागून वरपासून खालपर्यंत पूर्ण उघडं ठेवा, अर्धंच उघडं ठेवलं की खांद्यावर ओढाताण होते. घालताना बाहुलीच्या पंजावर पातळ प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चढवा, बाही सरकन वर जाते, मग तो तुकडा काढून घ्या. तिसरी गोष्ट शिवायच्या क्रमाची. आपण मोठं झंपर शिवताना बाजू शिवून मग बाही जोडतो. इथं उलट करायचं. आधी खांदे, मग गळा, मग कापड सपाट असतानाच बाही जोडायची, बाहीची दुमड करून घ्यायची, आणि शेवटी बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एका दमात बाजूची शिवण. बोटाएवढ्या नळीत सुई घालायची वेळच येत नाही.

मापाचा कागद असा काढा. बाहुलीच्या धडाला पातळ पिशवी घट्ट गुंडाळा, वर चिकटपट्टी लावा, आणि मार्करनं खांद्याची, बाजूची, गळ्याची, मुंढ्याची (बाही जोडतो त्या गोलाईची) रेघ आखा. मग पाठीवर कात्रीनं कापून काढा आणि रेघांवरून तुकडे सुटे करा. ते टेबलावर सपाट पसरले की हाच तुमचा साचा. वर्तमानपत्रावर ठेवून भोवती 5 मिलिमीटर शिवण सोडायची, जास्त नाही. गळ्याला पट्टी लावू नका, पट्टीनं थर वाढतात. त्याऐवजी अख्खं झंपर दुहेरी करा: वरचं कापड आणि तेवढंच अस्तर, सुलट बाजू एकमेकींवर ठेवून गळा आणि मागची उघडी बाजू शिवा, गोलाईवर बारीक चीर द्या आणि उलटवा. कडा आपोआप आत जातात. मात्र दोन्ही कापडं पातळ हवीत, नाहीतर परत तीच वाकळ. बंदाला वेल्क्रो नको, जाड असतो आणि बाहुलीचे केस त्यात अडकतात. सगळ्यात लहान टिचबटण घ्या, किंवा दोऱ्याचा फासा आणि एक मणी.

मशीन नसल्याची खंत करू नका. या मापाला हातच बरा. मशीनच्या दातऱ्यांत एवढा लहान तुकडा ओढला जातो आणि दोरा गुंततो. धावदोरा बारीक घातला की बाहुलीच्या कपड्याला पुरतो, ताण येतो तिथं, म्हणजे मुंढ्यात आणि कंबरेला, बखिया (मागे येऊन घातलेला टाका) घाला. दोरा एकेरी, हातभर. आपल्याकडे गावोगावच्या बायका वाकळ शिवताना जो धावदोरा घालतात, त्याच्याइतकी चांगली सुईची शाळा मला दुसरी माहीत नाही. तुमच्या सासूबाई किंवा आई शिवत असतील तर लेकीला त्यांच्या शेजारी बसवा. सुई कशी धरायची, बोट कुठं ठेवायचं, हे बघून जितकं कळतं तितकं लिहून सांगता येत नाही.

आणि एक हक्काची संधी भाद्रपदात आहेच. आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, त्यांच्यासोबत पिल्लं, म्हणजे त्यांची लेकरं, असतात, त्यांना कपडे लागतात. हे कपडे दरवर्षी बाजारातून झगमगीत आणले जातात याचं मला वाईट वाटतं. पिल्लांचं परकर-पोलकं, झबलं आणि टोपरं घरी शिवणं सोपं आहे, आकार बार्बीपेक्षा मोठा, हात मोकळे. सुट्टीत बाहुलीवर हात बसला तर महालक्ष्म्यांपर्यंत तुमची लेक पिल्लांना नवे कपडे घालील.

साडी नेसवायची असेल तर तिचाही हिशोब सांगते. साडेपाच मीटरला सहानं भागलं की सुमारे 92 सेंटीमीटर, पन्हा 19 सेंटीमीटर. पण निऱ्यांच्या जागी जाडी साचते, म्हणून 70 सेंटीमीटरच घ्या आणि निऱ्या चारच घाला. तीन इंची काठ सहापट लहान केला तर सव्वा सेंटीमीटर होतो, त्यामुळे खऱ्या साडीचा काठ कापून लावला की तो गुडघ्यापर्यंत येतो. सेंटीमीटरभर रुंदीची रिबन किंवा बारीक लेस लावा. नक्षीचंही तसंच. पैठणीवरचा मोर बाहुलीच्या अख्ख्या पाठीवर पसरतो. खणाचा कटपीस वापरायचा तर सगळ्यात बारीक बुट्टीचा शोधा. हिमरूचा, म्हणजे औरंगाबादकडच्या नक्षीदार विणीच्या कापडाचा, तुकडा कुणी दिला तर त्याचं झंपर करायचा मोह टाळा. त्याच्या उलट बाजूला मोकळे धागे असतात, कापलं की उसवत जातं. त्याला मागून बकरम (इस्त्रीनं चिकटणारं कडक कापड) चिकटवा आणि कार्डाला वापरा. बंजारा भरतकामाचा घागरा करावासा वाटला, आणि नांदेड-हिंगोलीकडच्या तांड्यांवरचं ते काम बघून कुणालाही वाटेल, तर आरशाऐवजी बारीक टिकली लावा. आरशाच्या वजनानं पातळ कापड लोंबतं.

आता कार्डं. इथंही अडचण जाडीचीच, फक्त कागदाची. कागदातले तंतू एका दिशेनं जास्त असतात. तंतूंना आडवी घडी घातली की ते मोडतात आणि वरचा रंग तडकतो. कार्डाचा कागद दोन्ही हातांनी हलका वाकवून बघा, आधी लांबीत, मग रुंदीत. ज्या बाजूनं सहज वाकतो, घडी त्याच दिशेला घाला. घडीपूर्वी स्टीलची पट्टी ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेननं एक खोल रेघ ओढा. रेघेचा खळगा कार्डाच्या बाहेरच्या बाजूला राहिला पाहिजे आणि फुगवटा आत. घडी घातल्यावर वर साधा कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासा. 300 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम भरणारा जाड कागदही मग स्वच्छ दुमडतो. रंगीत कार्डपेपरपेक्षा आरपार एकाच रंगाचा कागद घेतला तर तडकलं तरी पांढरं दिसत नाही.

हातकागद मिळाला तर जरूर वापरा. खुलताबाद-दौलताबादजवळचा कागझीपुरा हाताच्या कागदासाठी जुना. तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापर्यंत इथल्या कागदाची परंपरा मागे नेतात. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात तंतू लांब आणि सगळीकडे फिरलेले असतात, त्यामुळे तो सहसा तडकत नाही. मात्र शाई पसरते. कोपऱ्यावर आधी पेन घासून बघा, स्केचपेन बहुधा फुटतो, पेन्सिल आणि रंगखडू छान उठतात.

कार्डावर काय काढायचं, यावर माझं मत ठाम आहे. बाजारात छापून मिळतं ते घरी परत करू नका. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोलनं नाताळची कार्डं छापून घेतली, तेव्हापासून छापील कार्डांचा धंदा मोठा झाला, पण येळवशीचं, म्हणजे वेळा अमावस्येला रानात जाऊन करतात त्या सणाचं, कार्ड अजून मला कुठल्या दुकानात दिसलं नाही. कडब्याची खोप, अंबिलाचं मडकं, भज्जीची पातेली, मामाच्या रानातली वर्दळ, हे तुमची लेक काढू शकते आणि मामाला ते बघून जो आनंद होईल तो फुलांच्या गुच्छाच्या चित्रानं व्हायचा नाही. चित्र काढायला ती कचरत असेल तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात एकदा घेऊन जा. तिथल्या भाजलेल्या मातीच्या सातवाहनकालीन बाहुल्यांची केशरचना आणि दागिने बघून लेकरं घरी येऊन पानंच्या पानं भरतात. कार्डालाही उपयोग, बाहुलीच्या दागिन्यांनाही.

खोपीसाठी आत्ताच्या दिवसांत गव्हाचं काड गोळा करून ठेवा. रात्रभर पाण्यात भिजवा, नखानं उभं चिरा, उलगडून सुती कपड्याखाली इस्त्री फिरवा. सपाट, चकचकीत सोनेरी पट्टी मिळते. ती कापून खोप, झोपडी, चिमणी काहीही करता येतं आणि तिच्या रंगापुढे सोनेरी कागद फिका पडतो. इस्त्री मात्र तुम्ही करा, लेकीच्या हाती देऊ नका. चिकटवताना फेव्हिकॉल बोटानं अगदी पातळ पसरवा. ओला थर जाड झाला की कागद पाणी पिऊन वाकडा होतो. चिकटवल्यावर रात्रभर पुस्तकांखाली दाबा.

कापडाचा तुकडा कार्डावर शिवायचा असेल, म्हणजे बाहुलीच्या घागऱ्यातून उरलेलं अस्तर, तर आधी भोकं पाडा. खाली थर्माकोल ठेवून जाड सुईनं, प्रत्येक 5 मिलिमीटरवर एक. याहून जवळ पाडली तर कागद त्याच रेघेवर फाटतो. शिवायला जुनी सुई घ्या, कागदानं सुई बोथट होते आणि मग कापडात धागे ओढते.

पाकीट घरीच करा. ए-फोर कागद अर्धा कापून दुमडला की कार्ड 105 बाय 148 मिलिमीटरचं होतं. त्याला दुसऱ्या पातळ ए-फोरमधून 21 सेंटीमीटरचा चौकोन काढा, कार्ड त्यावर तिरपं ठेवा आणि चारी कोपरे आत दुमडा. बाजूचे दोन कोपरे मध्यावर अगदी भेटतात, दुमडताना दोन मिलिमीटर मोकळे ठेवा. जुन्या कॅलेंडरची पानंही चालतात, पत्ता लिहायला वर पांढरी पट्टी चिकटवा. 300 जीएसएमचं असं कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत, पाकिटासह तेरा-चौदा. टपालाचा दर 20 ग्रॅमच्या टप्प्यानं वाढतो, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा लावला तरी पहिल्याच टप्प्यात बसतं. बटणं, मणी लावलेली कार्डं हातानं द्यायला ठेवा, टपालाचा शिक्का त्यांच्यावर बसला की पाकीट फाटतं.

सुरुवात बिनबाहीच्या झंपरानं करा, दुसऱ्या वेळी बाही लावा. तुमच्या बाहुलीचे दंड बार्बीपेक्षा जाड असतील किंवा डोकं मोठं असेल, तर दंडाचा घेर, छाती आणि कंबर दोऱ्यानं मोजून इथं लिहा, मी साच्याची मापं काढून देते.