छतातल्या चिमणीच्या सपोर्ट बॉक्सला लाकडाच्या स्टोव्हचा पाइप कसा जोडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की व्हर्मॉन्टमध्ये घर घेतलंय, आधीच्या मालकाने छतातला चौकोनी सपोर्ट बॉक्स (चिमणीचं वजन पेलणारा पत्र्याचा डबा) आणि वरची चिमणी तशीच ठेवलीय, स्टोव्ह तुम्ही नवा आणलाय. आता सहा इंची काळा पाइप बॉक्सात नुसता घातला तर लटपटतो. तर पाइपचं चुण्यांचं टोक (दुसऱ्या पाइपच्या आत बसावं म्हणून चुण्या पाडून बारीक केलेलं) वर करून चिमणीत कोंबलं आणि फटीवर अॅल्युमिनियमची टेप मारली तर चालेल का?

नाही चालणार. मुळीच नाही. टेपचं वाचलं आणि क्षणभर वाटलं, आमच्या भावजींनीच नाव बदलून प्रश्न टाकलाय.

आम्ही मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, हॉटनच्या बाहेर राहतो. लेक सुपीरियरवरून येणारा बर्फ आमच्या डोक्यावर रिकामा होतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात शेजारच्या किविनॉ काउंटीत ३९०.४ इंच पडला होता, त्याचा उंच फलक लोकांनी हौसेने हायवेच्या कडेला उभा केलाय. वीज गेली की फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीचा, पंखा बंद, म्हणजे घर गार. म्हणून स्टोव्ह घ्यायचं ठरलं. चिमणी छतातून वर नेण्याचं काम इथल्या माणसाने ऑक्टोबरात केलं, खालचा पाइप जोडायला 'पुढच्या आठवड्यात येतो' म्हणाला. इथे १५ नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडतो. तो उघडला की महिनाअखेरपर्यंत माणूस नावाचा प्राणी कामावर सापडत नाही.

थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटहून भावजी आले. गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. येताना हौसेने पाइपही घेऊन आले. ते खोकी फोडत होते तेव्हा मी डायनिंग टेबलाशी बसून स्टोव्हचं पुस्तक वाचत होते. त्यात चित्र काढून, बाण दाखवून स्पष्ट दिलंय: चुण्यांचं टोक खाली, स्टोव्हच्या दिशेने. मी म्हटलं, "भावजी, तुम्ही उलटं लावताय." तर म्हणाले, "वहिनी, धूर वर जातो ना? मग वरचा पाइप खालच्याच्या बाहेरून आला पाहिजे, नाहीतर धूर सांध्यातून घरात येईल. हे फ्लुइड डायनॅमिक्स आहे, तुम्ही चहा टाका." नवरा शिडी धरून उभा होता आणि भाऊ घरात असला की त्याचं जे होतं तेच झालं. तो छताकडे बघत राहिला.

मी चहा टाकला. पुस्तकाचं ते पान मात्र फ्रिजवर लावून ठेवलं.

आता ज्यांना भावजींसारखंच वाटतं त्यांच्यासाठी. धूर सांध्यातून बाहेर येत नाही. आमच्या माहेरी रत्नागिरीला तांब्याचा बंब होता. तो एकदा पेटला की खालच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला तर आत खेचला जायचा. इथेही तेच होतं. चिमणी तापली की पाइपातला दाब खोलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे फटीतून खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. ती गार हवा आत गेली की धूर थंडावतो आणि त्यातलं क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखं चिकट, पेट घेणारं काजळ, आतून पत्र्यावर बसतं. ते पातळ असतं तेव्हा खाली ओघळतं. म्हणजे धूर वर जात असला तरी पाइपच्या आतून जे ओघळतं ते खालीच येतं. वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत असेल तर ते आतल्या आत स्टोव्हमध्ये पडून जळून जातं. उलटं असेल तर प्रत्येक सांध्याला बाहेर येतं.

आमच्याकडे जानेवारीत तेच आलं. प्रत्येक सांध्याखाली तपकिरी ओघळ, बोट लावलं तर चिकट, वास जळक्या डांबराचा. थेंब स्टोव्हच्या माथ्यावर पडला की चर्र वाजायचं आणि घरातली पांघरुणंसुद्धा वास मारायला लागायची. टेपच्या कडा सुटून वळल्या होत्या, गोंद काळा पडला होता. व्हिडिओ कॉलवर भावजी म्हणाले, "लाकूड ओलं आहे तुमचं."

शेजारी फिनिश वंशाचे एक आजोबा राहतात, घरामागे स्वतः बांधलेला सौना, लहानपणापासून लाकूड जाळतायत. त्यांना बोलावलं. त्यांनी टॉर्च मारला, पाइपवरून वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, हे लावलं कोणी? नवऱ्याने घसा खाकरला. आजोबा म्हणाले, आज पेटवू नका, उद्या गार झाल्यावर उतरवू.

उतरवल्यावर जे दिसलं ते सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. भावजींनी अॅडॅप्टर, म्हणजे पाइप आणि चिमणी यांना जोडणारा तुकडा, लावलाच नव्हता. एकपदरी काळा पाइप थेट चिमणीच्या आतल्या नळीत दोन बोटं सरकवून टेप मारली होती. वरून येणारं सगळं क्रिओसोट त्या टोकाच्या बाहेरून उतरून बॉक्समध्ये साचत होतं. शिवाय माळ्यावर फवारलेलं कागदाच्या लगद्याचं इन्सुलेशन वरून बॉक्सात गळलं होतं, कारण चिमणीवाल्याने माळ्यावर बॉक्सभोवती पत्र्याचं कुंपणच घातलं नव्हतं. तो करडा भुसा बॉक्सच्या तळाशी क्रिओसोट पिऊन तपकिरी झाला होता आणि खरवडून काढावा लागला. क्लास ए चिमणी, म्हणजे जिच्यावर यूएल १०३ एचटी (अमेरिकेतलं सुरक्षा-चाचणीचं मानक) लिहिलेलं असतं ती, चिमणी पेटली तर २१०० अंश फॅरनहाइट तीनदा दहा-दहा मिनिटं सोसते की नाही हे तपासूनच बाजारात येते. चिमणी टिकेल हो. पण बाजूला क्रिओसोटमध्ये भिजलेला भुसा ठेवा, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. चिमणी आणि लाकूड यांच्यात दोन इंच मोकळं ठेवायला सांगतात ते मोकळंच ठेवायचं असतं. तिथे इन्सुलेशन भरणं म्हणजे 'ऊब टिकते' असं नव्हे.

तर तुमचं काम. चिमणीच्या खालच्या टोकाला त्याच कंपनीचा स्टोव्हपाइप अॅडॅप्टर लागतो. काहींच्या सपोर्टबरोबर येतो, काहींचा वेगळा घ्यावा लागतो. तुमच्या आधीच्या मालकाने तो जुन्या स्टोव्हबरोबर उचलून नेला असणार, म्हणूनच पाइप लटपटतोय. वरचं टोक चिमणीत घालून फिरवलं की अडकतं (तुमच्या कंपनीची पद्धत वेगळी असू शकते), खालचं टोक काळ्या पाइपच्या आत जातं. मी लावला तेव्हा दोनदा वाटलं बसला आणि दोनदा हातात आला. कडा पूर्ण टेकून फिरला की हाताला कळतं, मग ओढला तरी सुटत नाही. चिमणीच्या आतल्या पदरात स्क्रू कधीही मारायचा नाही. काळ्या पाइपच्या प्रत्येक सांध्याला मात्र तीन स्क्रू, टेप कुठेच नाही.

बॉक्सच्या मध्यातून ओळंबा सोडा, दोऱ्याला नट बांधला तरी पुरे, आणि स्टोव्ह त्याच्या खाली सरकवा. पाइप वाकडा करून स्टोव्हपर्यंत आणू नका. स्टोव्ह हलत नसेल तर दोन पंचेचाळीस अंशांचे कोपर घ्या. मधला एक तुकडा लांब-आखूड होणारा घ्याच. नाहीतर दरवर्षी साफसफाईला पाइप काढताना स्टोव्ह उचलावा लागतो, आणि तेव्हा कुणाचे भावजी येत नाहीत.

भिंतीपासून एकपदरी पाइप १८ इंच दूर हवा. जागा कमी असेल तर दुपदरी घ्या, त्याला साधारण ६ इंच चालतात, नेमका आकडा त्या पाइपच्या पुस्तकात असतो. एकपदरी पाइप छतातून किंवा भिंतीतून न्यायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. तुमचा बॉक्स छताच्या खाली दोन-तीन इंच उतरलेला आहे का तेही बघा. नसेल तर आधीच्या मालकाचंही काहीतरी चुकलंय आणि मग पाइपच्या आधी ते.

आमच्याकडे त्यानंतर ओघळ नाही, वास नाही. गणपतीत सगळे जमले की भावजी अजूनही म्हणतात, "ते अॅडॅप्टरमुळे थांबलं, चुण्यांचा संबंध नाही." जाऊबाई माझ्या बाजूच्या आहेत पण उघड बोलत नाहीत. मुद्दा इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा नव्हताच. पुस्तक खोक्यात होतं, ते मी वाचलं आणि त्यांनी वाचलं नाही, एवढाच फरक. आता या उत्तराची लिंक मी फॅमिली ग्रुपवर टाकणार आहे.

एक मात्र मान्य करायला हवं, लाकडाच्या बाबतीत भावजी बरोबर होते. आम्ही त्याच उन्हाळ्यात फोडलेला बर्च जाळत होतो. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, मोजायचं यंत्र फार महाग नसतं. ओलं लाकूड जाळलंत तर पाइप कसाही लावा, क्रिओसोट होणारच, फक्त ते कुठे ओघळेल एवढंच तुमच्या हातात.

आणि हे वरच सांगायला हवं होतं: पेटवण्याआधी गावच्या ऑफिसात परमिट लागतं का विचारा आणि घराच्या विमावाल्यांना कळवा. न सांगता स्टोव्ह जोडलेला असेल तर ते दाव्याच्या वेळी भांडतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो आधी. वरची चिमणी जुनी आहे, त्यामुळे चिमणी साफ करणाऱ्याला एकदा छतावर चढवा. छतातून जिथे निघते तिथून ती किमान तीन फूट वर हवी आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट उंच. माळ्यावर जाऊन बॉक्सभोवतीचं कुंपण बघायला विसरू नका.

बॉक्सच्या बरोबर खाली उभं राहून वर कॅमेरा धरून काढलेला एक फोटो प्रश्नात टाका. चिमणीच्या तुकड्यावरच्या लेबलावर कंपनीचं नाव असतं, तेही वाचता आलं पाहिजे. मग अॅडॅप्टर कुठला घ्यायचा ते सांगता येईल.