एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या) टाकीत हवा सोडल्यावर सांडपाण्यातली घाण जाते कुठे?

घाण हवेने नाहीशी होत नाही, ती जिवाणू खातात. हवा फक्त त्यांना ऑक्सिजन पुरवते.

स्टार्च, प्रथिनं, तेलतूप यांचे रेणू थेट पेशीत शिरत नाहीत, फार मोठे असतात. म्हणून जिवाणू आधी विकरं (एन्झाइम) सोडून त्यांचे तुकडे करतात: साखर, अमिनो आम्लं, मेदाम्लं. हे तुकडे आत गेले की काहींचं ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा मिळते. उरलेल्यातून, ढोबळमानाने निम्म्या भागातून, नव्या पेशी बनतात. तोच गाळ. त्यातला बराचसा टाकीत परत फिरवतात, जास्तीचा काढून टाकावा लागतो.

प्रथिनांतल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू वेगळे आणि वाढायला भलतेच संथ.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. वीजबिल वाचवायला हवा सोडणारा ब्लोअर रात्रभर बंद ठेवणारे महाभाग सोसायट्यांत भेटतातच. मग ऑक्सिजन संपतो, दुसरेच जिवाणू ऑक्सिजनऐवजी पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात आणि सकाळी सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तो त्या सल्फेटपासून बनलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा.