गोष्ट छापून येणार म्हटलं की हातपाय गळतात, काय करावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवाळी अंकाने कथा घेतली, संपादकांनी शेवटची प्रत मागितली आणि तुम्ही ती दाबून बसला आहात. गावात कळलं तर काय, आणि पुढची तशी जमली नाही तर काय. ध्यान करा, चांगले विचार करा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मी सांगणार नाही. तुमची भीती खूळ नाही, रास्त आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. वैनगंगा ओलांडली की वडसा, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटक कंपन्यांचं गाव. आमच्याकडे लेखक म्हणजे नाटकवाला. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते, घरोघरी पाहुणे येतात आणि रात्री नाटक, पडदा पडेपर्यंत पहाट. धानाची शेती सांभाळून मी आधी गावच्या हौशी मंडळासाठी लिहायचो. ती नाटकं धड चालली नाहीत. तेव्हा एकाही नातेवाइकाला माझ्या लिहिण्याचा त्रास झाला नाही, हे लक्षात ठेवा.

मग एक नाटक वडशाच्या कंपनीने घेतलं आणि ते चाललं. त्यात थोरला भाऊ दरवर्षी रोवण्याआधी धाकट्याच्या बांधीकडचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, पावड्याने वीतभर तासतो. वरचं गवत मातीसकट उचलून नव्या जागी बसवतो, पायाने चोपतो, म्हणजे धुरा सरकला हे कुणाच्या ध्यानात येऊ नये. गाव वेगळं, नावं वेगळी.

मामांच्या गावच्या मंडईत प्रयोग लागला. मी प्रॉम्प्टरच्या मागे उभा होतो. आपलं वाक्य आधी त्याच्या तोंडून कुजबुजत येतं, मग तेच नट खड्या आवाजात फेकतो, आणि तेवढ्यात ते परक्याचं होऊन जातं. मामा पहिल्या रांगेत, मांडीवर शाल. गवताच्या प्रसंगाला त्यांनी स्वतः टाळ्या वाजवल्या, मी पाहिलं. मध्यंतरात सरपंच त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय जी, तुमचा धुरा त वडशापावेतर गेला!" आजूबाजूचे हसले. मामा उठले ते थेट घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. "काहून रे, आमचंच भांडण सापडलं तुले? घरची अब्रू इकून नाव कमावून राहिला का तू?"

मी तेव्हा गप्प बसलो, कारण मामी चहा घेऊन उभ्या होत्या. आता बोलतो. मामा, नाटक पडलं असतं तर तुम्ही रागावलाच नसता. तुम्हाला धुरा झोंबला नाही, सरपंचांचं हसू झोंबलं. पुढे नागभीडकडच्या एका प्रयोगानंतर एक अनोळखी माणूस मला पानठेल्याआड घेऊन गेला आणि विचारू लागला, "माह्या भावाचं तुमाले कोनं सांगतलं?" धुरा काय तुमचा एकट्याचाच सरकतो? आणि २०२३ साली आमच्या झाडीपट्टीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा "आपल्या झाडीचं नाव झालं" म्हणून पारावर सांगत कोण होतं? दिल्लीने मान दिला की नाटकवाला आपला, भाच्याने लिहिलं की अब्रू गेली.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने सांगितलं की १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत माटिना हॉर्नर या बाईंनी विद्यार्थिनींना एक वाक्य देऊन गोष्ट पुरी करायला सांगितली होती: वैद्यकीय कॉलेजात ॲन वर्गात पहिली आली. साठ टक्क्यांहून जास्त मुलींनी ॲनला पुढे एकटी पाडलं, किंवा तिच्यावर काहीतरी संकट आणलं. मुलांना ॲनऐवजी जॉन दिला होता, त्यांच्यात असं लिहिणारे दहा टक्क्यांहून कमी. पुढच्या अभ्यासांत एवढा फरक दर वेळी आढळला नाही म्हणे. पण त्या मुलींना मी घाबरट म्हणणार नाही. पहिल्या आलेल्या पोरीशी लोक कसे वागतात हे त्यांनी पाहिलेलं असणार.

पुढची जमली नाही तर, याचं सांगतो. पुढच्या हंगामाला निर्माते म्हणाले, असंच द्या, रडणं वाढवा, दोन गाणी जास्त टाका. मी बसलो की कागदावर मामाच दिसायचे. दुसऱ्या अंकात गाडी रुतली ती रुतलीच. शेवटी मामांचं ते अब्रूवालं वाक्य जसंच्या तसं एका पात्राच्या तोंडी घातलं आणि अंक सरसर पुढे गेला. नाटक पहिल्याइतकं चाललं नाही. वाक्याला मात्र टाळी मिळायची. घर धानावर चालतं, त्यामुळे काही बिघडलं नाही.

तर घरच्यांना आधी वाचून दाखवू नका. ते सुधारणा सुचवतात आणि सगळ्या सुधारणा स्वतःला वाचवण्यासाठी असतात. पहिली छापून यायच्या आत दुसरी सुरू करा, मग कौतुक आणि शिव्या दोन्ही ऐकायला फारसा वेळ उरत नाही.

एक राहिलं. खरं नाव, गट नंबर, ओळखू येईल असा आजार किंवा एखाद्या बाईची खासगी गोष्ट असेल तर ती आधी बदला. तिथे मी मामांच्या बाजूने आहे. माझा अनुभव नाटकाचा आहे, कथेचं थोडं वेगळं असेल. आणि झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर माझं सोडा, १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

नसेल तर प्रत पाठवून द्या. अंक दिवाळीचा असला तरी त्याचं काम पावसाळ्यातच उरकतात, तुमच्यासाठी संपादक थांबायचे नाहीत.